रंग काढण्याआधी सायकल वाचून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सामानातून एक स्टीलची माउंटन बाइक हाती आली आहे. देणाऱ्याने सांगितलं की ती १९८६ची, 'अगदी पहिल्या पिढीतली' आहे. फ्रेमवरचं कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून टाकलंय. भाग शिमानो या जपानी कंपनीचे आहेत. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला 'एम एच', मागच्या डिरेल्यूरवर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावर, 'एम जी' आणि हँडलवरच्या गिअरच्या लिव्हरवर 'ओ सी' ही अक्षरं उठवलेली आहेत. मागचा ब्रेक नेहमीच्या जागी, वर नाही, तर खाली क्रँकच्या मागे आहे. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जाम झाली आहे. जुना रंग काढून सायकल पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत पक्का होणाऱ्या भुकटीच्या रंगाला, द्यायचं ठरलंय. सोबत फोटोही पाठवलेत. ही नक्की कोणत्या सालची, तिचा इतिहास कसा शोधायचा, आणि अशा सायकलींचा संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात आधी पावडर कोटिंग थांबवा. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

हे इतक्या कळकळीने सांगतोय, कारण माझ्या हातून ही चूक झालेली आहे. माझी पहिली जुनी माउंटन बाइक मी आठवड्याभरात खरवडून, रंगवून चकचकीत केली. सीटच्या नळीवर खाली दुकानदाराचा एक छोटा, फाटका स्टिकर होता. तो मी नखाने काढून टाकला. ती फ्रेम कोणत्या भागात विकली गेली, हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. नंतर दोन वर्षं त्या सायकलचा माग काढताना प्रत्येक वाट त्या स्टिकरपाशी येऊन अडली. मूळ रंग एकदाच लावलेला असतो. त्याखालचा प्रायमर, नावाची अक्षरं उडाली तरी उन्हामुळे मागे राहिलेली त्यांची फिकट छाया, केबल घासून पडलेले चरे, हा सगळा पुरावा आहे. तुमच्या फ्रेमवरचं नाव खरवडलेलं असलं तरी अंधारात टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरून बघा. अक्षरांच्या कडा पुष्कळदा उठून दिसतात.

आता अक्षरांकडे वळू. ती तुम्ही टिपून घेतलीत हे फार चांगलं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यांच्यातच आहे. शिमानो आपल्या भागांवर दोन अक्षरं उठवत असे. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९७६, 'बी' म्हणजे १९७७, असं मोजत गेलं की 'एम' १९८८ला येतो. महिन्याचं अक्षर 'ए' म्हणजे जानेवारीपासून 'एल' म्हणजे डिसेंबरपर्यंत. म्हणजे तुमचा क्रँक ऑगस्ट १९८८चा, डिरेल्यूर जुलै १९८८चं आणि गिअरचे लिव्हर मार्च १९९०चे. एक सावधगिरी मात्र हवी. २००१ला 'झेड' संपला आणि २००२पासून पुन्हा 'ए' सुरू झाला, त्यामुळे नुसत्या अक्षरावरून साल ठरवायचं नसतं. भागाची घडण त्या काळाशी जुळते का, हेही बघावं लागतं. तुमच्या फोटोतला क्रँक १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातलाच आहे, त्यात शंका नाही.

यातून काय निघतं? भागाची तारीख म्हणजे सायकलची तारीख नव्हे. भाग आधी बनतो, मग पेटीत भरून फ्रेमच्या कारखान्यात पोहोचतो, मग सायकल जुळते आणि त्यानंतर दुकानात लागते. शिवाय नव्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शेवटालाच बाजारात येऊ लागतं. जुलै-ऑगस्ट १९८८चे भाग असलेली सायकल बहुधा १९८९चं मॉडेल असते. १९८६ची ती असूच शकत नाही, असं मात्र अजून म्हणू नका. क्रँक आणि डिरेल्यूर दोन्ही नंतर बदललेले असू शकतात. पण एकाच सायकलवर वेगवेगळ्या ठिकाणचे दोन भाग एकमेकांपासून महिन्याभराच्या अंतराने बनलेले आढळले, तर ते एकत्रच बसवले गेले असण्याची शक्यता फार मोठी. दुरुस्तीत बदललेले भाग असे जोडीने येत नाहीत.

मार्च १९९०चे लिव्हर हे बदललेल्या भागाचं उत्तम उदाहरण आहे. फोटोत दिसतं त्याप्रमाणे ते हँडलखाली अंगठ्याने दाबायचे, ब्रेकसह एकत्र असलेले लिव्हर आहेत. शिमानोने त्यांना रॅपिडफायर हे नाव दिलं आणि ते १९९०च्या मॉडेलांवर आले. त्याआधी हँडलच्या वर बसणारे, अंगठ्याने पुढे-मागे ढकलायचे साधे थंब शिफ्टर असत. हँडलची पकड थोडी सरकवा आणि धातूकडे नीट बघा. तिथे थंब शिफ्टरच्या पट्टीने पडलेली अंगठीसारखी गोल खूण असेल, तर मूळचे लिव्हर काढून नवे बसवले हे सिद्धच झालं. पहिल्या मालकाने दीडेक वर्षात नवी सोय विकत घेतली, म्हणजे सायकल खरोखर चालवली जात होती. असे बारकावे सापडले की मला फार आनंद होतो. ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही, त्या माणसाची एक सवय आपल्यासमोर उभी राहते.

खाली बसवलेला मागचा ब्रेकही साक्षीदारच आहे. त्याला यू-ब्रेक म्हणतात. १९८६च्या सुमारास तो एकदम सगळीकडे आला आणि तीनचार वर्षांत तितक्याच झपाट्याने गेला. कारण साधं आहे. चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथेच साचतो आणि सफाईला हात पोहोचत नाही. १९८९चा अंदाज आणि यू-ब्रेक यांचं जुळतं. फ्रेमही मोजा. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो त्या दोन पत्र्यांमधलं आतलं अंतर १३० मिलिमीटर आहे की १३५? १९८०च्या दशकाच्या मध्यात १३० चालत होतं, दशक संपता संपता १३५ रूढ झालं. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही मोजा. सहा असतील तर सायकल थोडी आधीच्या काळाकडे झुकते, सात असतील तर १९८९च्या अंदाजाला बळ मिळतं. हँडलखालच्या पुढच्या नळीचा कोन हाही पुरावा आहे. सुरुवातीच्या सायकलींचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बराच पुढे कललेला असे, कारण त्या उतारावर सुसाट सोडण्यासाठीच जन्मल्या होत्या. दशकाच्या शेवटी शर्यतींच्या प्रभावाने पुढच्या नळीला ७१ आणि सीटच्या नळीला ७३ अंश हे माप जवळपास ठरून गेलं.

'पहिल्या पिढीतली' या दाव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या छंदात सगळ्यात जास्त घोळ याच शब्दांवरून होतो.

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट तामालपायसच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण १९३० आणि ४०च्या दशकांतल्या श्विन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली येत असत. श्विनने १९३३मध्ये जाड बलून टायर आणले होते, आणि एक्सेलसिअरसारख्या फ्रेम त्या टायरांसह मार खाऊनही टिकत. या सायकलींना ते क्लंकर म्हणत. २१ ऑक्टोबर १९७६ला फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर पहिली घड्याळ लावून शर्यत झाली. उतार जेमतेम ३.४ किलोमीटरचा, पण उंची जवळजवळ ४०० मीटरने घटते. या सायकलींना मागच्या हबमध्येच ब्रेक होता, पेडल उलटं फिरवलं की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत त्याला 'रिपॅक' करणं म्हणतात, आणि उताराचंही तेच नाव पडलं. पहिली शर्यत अॅलन बाँड्सने जिंकली. पुढे ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम गॅरी फिशरच्या नावावर राहिला. जो ब्रीझ नावाचा दुसरा शर्यतपटू त्याच्या दोन सेकंद मागे. शर्यती चार्ली केली भरवत असे आणि निकालांची वही त्याने सांभाळून ठेवली. ही वही नसती, तर आज या सगळ्याची फक्त दंतकथा उरली असती. वेंडी क्रॅगने काढलेले त्या काळचे फोटोही तितकेच मोलाचे आहेत. कोणत्या सायकलवर कोणता ब्रेक लिव्हर होता, हे आठवणीवर नाही, फोटोवर ठरतं. मोटरसायकलचे लिव्हर सायकलला लावल्याचं त्यात स्पष्ट दिसतं.

१९७७मध्ये जो ब्रीझने क्रोम-मॉलिब्डेनम या मजबूत मिश्र पोलादाच्या नव्या नळ्या वापरून खास या कामासाठी फ्रेम बांधली. ती पहिली ब्रीझर आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ला टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम विकायला फिशर आणि केली यांनी कंपनी काढली, तिचं नावच 'माउंटनबाइक्स'. ते नाव पुढे साऱ्या जगाचं झालं. मग १९८१ला स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टंपजंपर ही सायकल आली. ती जपानमध्ये मोठ्या संख्येने बनत होती आणि ७५० डॉलरला मिळत होती, तर रिचीची पूर्ण सायकल १,३०० डॉलरच्या आसपास जाई. १९८२ला शिमानोने खास माउंटन बाइकसाठी डिओर एक्सटी हा भागांचा संच आणला. त्याच्या मागच्या डिरेल्यूरवर हरणाचं डोकं कोरलेलं आहे, म्हणून संग्राहक त्याला 'डिअरहेड' म्हणतात.

म्हणून १९८९ची सायकल 'पहिल्या पिढीतली' नाही. पण 'पहिली' या शब्दाचंच मला फारसं आकर्षण नाही. १९७४च्या डिसेंबरमध्ये मरिनमधल्या एका सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल-मातीतून सायकल पळवायच्या, शर्यतीला कुपर्टिनोहून मॉरो डर्ट क्लबची मुलं आली, तेव्हा त्यांच्या जाड टायरांच्या सायकलींना डिरेल्यूर गिअर आधीच लावलेले होते. जॉन फिनली स्कॉटने १९५३मध्येच जाड टायर, गिअर आणि कँटिलिव्हर ब्रेक लावून रानात चालवायची सायकल जुळवली होती. त्याच दशकात पॅरिसच्या परिसरात काही तरुण मजबूत केलेल्या सायकली खडबडीत वाटांवर पळवत होते. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटची मंडळी १९७६ला पर्ल पास ओलांडून अॅस्पेनला गेली, तीही जुन्या क्लंकरवरून. हे सगळे आपापल्या अडचणीला आपापलं उत्तर शोधत होते. त्यांतल्या मरिनच्या उत्तराला धंद्याची साथ मिळाली आणि ते जगभर पसरलं. म्हणून संशोधन करताना 'कोण पहिला' हे विचारण्यापेक्षा 'हा भाग कोणत्या अडचणीसाठी आला आणि त्याआधी लोक काय करत होते' हे विचारावं. उत्तरं जास्त खरी मिळतात, आणि जुनी माणसंही मोकळेपणाने बोलतात.

माणसांशी बोलण्यावरून आठवलं. त्या काळी सायकल चालवलेल्या किंवा दुकानात काम केलेल्या लोकांना साल विचारू नका. साल कुणालाच नीट आठवत नाही आणि मग ते अंदाजाने सांगतात. त्याऐवजी घटना विचारा. ही सायकल आली तेव्हा पुढचा फोर्क हलणारा होता की कडक? गिअर बदलताना टक् असा आवाज येऊन जागेवर बसायचे, की अंदाजाने लावायचे? अशा उत्तरांवरून काळ आपोआप बांधला जातो. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क, म्हणजे धक्के शोषणारा हलता फोर्क, बाजारात आला तो १९८९-९०च्या सुमारास. १९९०ला ड्युरँगोत पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड हा फोर्क लावून जिंकला, आणि त्यानंतर कडक फोर्क झपाट्याने मागे पडत गेला. 'माझी कडक फोर्कची होती, पण मित्राने दुसऱ्या वर्षी हलणारा घेतला' असं कुणी म्हणालं, की काळ बऱ्यापैकी पक्का झाला.

कंपन्यांचे वार्षिक कॅटलॉग हा दुसरा मोठा आधार. तुमच्या फ्रेमचं नाव सापडलं की त्या नावाचे १९८८, ८९ आणि ९० असे तीनही कॅटलॉग मिळवा, कारण एकाच वर्षाच्या कॅटलॉगवर विसंबून मी स्वतः फसलो आहे. छपाई आधी होते, भागांचा पुरवठा नंतर बदलतो, आणि फोटोतली सायकल बऱ्याचदा नमुन्याची असते. फोटोत एक ब्रेक, खालच्या यादीत दुसरा, आणि प्रत्यक्ष सायकलवर तिसरा, असं मी अनेकदा पाहिलं आहे. अशा वेळी तीन सायकली एकाच तऱ्हेने जुळलेल्या सापडल्या, तर माझा विश्वास कॅटलॉगपेक्षा त्या तीन सायकलींवर बसतो. मासिकांतल्या चाचण्याही वाचा. १९८० ते १९८७पर्यंत निघालेलं 'फॅट टायर फ्लायर' आणि १९८६पासूनचं 'माउंटन बाइक अॅक्शन' यांच्या जुन्या अंकांत लेखांइतकीच माहिती जाहिरातींत मिळते. फेअरफॅक्समध्ये सायकलींचं संग्रहालय आणि माउंटन बाइक हॉल ऑफ फेम आता एकाच छताखाली आहेत, तिथल्या वस्तूंचे फोटो बारकाईने बघण्यासारखे आहेत.

दुरुस्तीबद्दल थोडं. जाम झालेली सीटपोस्ट हा तुमच्यापुढचा खरा धोका आहे. स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमची सीटपोस्ट वर्षानुवर्षं ओली राहिली, की दोन धातूंमध्ये क्षार धरतो आणि ती चिकटते. पाना लावून जोरात पिळू नका, नळी वाकडी होते. आधी गंज सोडवणारं तेल वरून घाला, सायकल उलटी करून बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस बसतो ती आडवी नळी) बाजूनेही घाला आणि दोनतीन दिवस वाट बघा. नाहीच सुटली तर अमोनिया वापरता येतो, तो अॅल्युमिनियमवरचा क्षार सोडवतो. पण फ्रेम स्टीलची असेल तरच, आणि हातमोजे घालून उघड्यावर. बाकी फ्रेम साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, वर मेण लावा, बस्स. जिथे रंग उडून गंज धरलाय, तिथेच हात लावा.

ती चालवायची असेल, तर हँडल आणि त्याला फोर्कशी जोडणारा स्टेम यांच्यावर भावनेच्या भरात विश्वास ठेवू नका. अॅल्युमिनियम थकतं आणि थकल्याचं वरून दिसत नाही. मूळचं हँडल कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवा आणि चालवायला नवं लावा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले जांभळे, निळे, मशीनवर कोरलेले हलके क्रँक आणि ब्रेक दिसायला फार देखणे असतात, पण त्यांतले बरेच तडकतात. माझ्याकडचे मी फक्त मांडून ठेवले आहेत.

संग्रहाबद्दल विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: प्रसिद्ध नावांच्या मागे लागू नका. ब्रीझर, कनिंगहॅम, रिची, फॅट चान्स या सायकली सांभाळणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या नोंदीही आहेत. हरवत चालल्यात त्या साध्या सायकली, १९८० आणि ९०च्या दशकांत लाखो लोकांनी चालवलेल्या, मधल्या दर्जाच्या, जपान किंवा तैवानमध्ये बनलेल्या. त्या कुणालाच मोलाच्या वाटल्या नाहीत, म्हणून पूर्ण अवस्थेतल्या फार थोड्या उरल्या आहेत. एखाद्यावर मूळचे टायर, मूळची सीट, रिफ्लेक्टर, स्पोकवरची प्लॅस्टिकची चकती, दुकानदाराचा स्टिकर असं सगळं शाबूत सापडलं, तर कडक झालेल्या टायरांसह ती तशीच ठेवा. टायर चालवायला निरुपयोगी असतात, पण त्यांच्यावरची नक्षी आणि नाव दुसऱ्या कुठेही मिळणार नाही. एक अरुंद विषय निवडा. कुणी फक्त यू-ब्रेकच्या तीनचार वर्षांच्या सायकली जमवतं, कुणी एकाच कारखान्याच्या फ्रेम. विषय अरुंद असला की वर्षभरात तुम्हाला त्यातलं असं काही कळतं, जे आधी कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. मी स्वतः फक्त पुढच्या ब्रेकच्या केबलची वाट कशी बदलत गेली, यावर तीन वह्या भरल्या आहेत, आणि अजून काम संपलेलं नाही.

आता या आठवड्यात एवढंच करा. एकही स्क्रू सैल करण्याआधी सायकलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, केबलच्या वाटा आणि स्टिकरसकट. मग ती उलटी करून बीबीच्या खालच्या बाजूचा चिखल ब्रशने नाही, ओल्या कापडाने भिजवून काढा. तिथे फ्रेमचा नंबर ठोकलेला असेल. तो अस्पष्ट असला तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकेच फिरवा, आकडे कागदावर उठतील. त्या कागदाचा फोटो आणि मागचं अंतर १३० की १३५, एवढं पाठवा. ब्रेकच्या आतल्या बाजूलाही अक्षरं असतील. तीही 'एम'ने सुरू होत असतील, तर फ्रेम शोधायला आपण १९८९च्या कॅटलॉगपासून सुरुवात करू.